अडकलेला कपलर: ओढू नका, आधी आत ढकला

बाईकचं इंजिन उतरवताना खरा वेळ कुठे जातो असं विचारलं, तर बहुतेक जण गंजलेल्या बोल्टांकडे बोट दाखवतील. मी कपलरकडे, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाकडे, दाखवीन. बोल्ट शेवटी निघतोच. नाही निघाला तर कापता येतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात नवा मिळतो. इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) कपलरची नखाएवढी जीभ मोडली, तर तेवढा तुकडा कुठेही सुटा मिळत नाही. पार्टच्या काउंटरवरचं उत्तर ठरलेलं असतं: ‘अख्खं वायरिंग घ्या.’

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा प्रश्न एवढा नव्हता. मॅग्नेट कॉइल (इंजिनातली वीज तयार करणारी), न्यूट्रल स्विच, इग्निशन कॉइल, सेल्फची वायर, झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, आलं आणि साध्या कम्यूटर गाडीतही फ्युएल इंजेक्शन बसलं. आता इंजेक्टर, थ्रॉटल बॉडीवरचे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचे) सेन्सर, इंजिनच्या तापमानाचा सेन्सर, क्रँक सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, अशी इंजिनाभोवती कपलरांची माळच असते. बहुतेक सीलबंद, आणि हात जेमतेम शिरेल अशा जागी.

मी कोकणातला. आमच्याकडे चार महिने पाऊस, बारा महिने खारी हवा आणि जांभ्याची लाल माती. ही माती लॉकच्या फटीत शिरून सुकली की सिमेंटसारखी बसते. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं कपलर मोडून शिकलेलं आहे.

सुटत का नाही?

कपलरच्या एका भागावर लवचीक जीभ असते, तिच्या टोकाला आकडा. दुसऱ्या भागावर दात. जोडताना आकडा दातावरून घसरत पलीकडे जातो आणि ‘टक्’ आवाज येतो. आकड्याची मागची बाजू मात्र सरळ उभी असते. आपण कपलर ओढायला लागलो की ती बाजू दातावर रुतते. मग जीभ कितीही दाबली तरी घर्षणामुळे आकडा उचलला जात नाही. आपल्याला वाटतं कपलर जाम झालाय. आपण जोर वाढवतो आणि जीभ मुळापासून मोडते.

पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कडी काढताना आपण काय करतो? आधी दार आत दाबतो, मग कडी सरकवतो. कपलरचंही अगदी तेच. आधी दोन्ही भाग एकमेकांत ढकला, साधारण एक मिमी. आकडा दातापासून सुटा होतो. मग जीभ दाबा, आणि दाबलेली धरूनच ओढा. माझ्या हिशेबाने ‘जाम’ म्हणून समोर आलेल्या दहा कपलरांपैकी सहा-सात एवढ्यावरच सुटतात.

उरलेल्यांची कारणं वेगळी असतात. लॉकच्या फटीत माती, आतलं रबरी सील प्लास्टिकला चिकटलेलं, पिनांवर हिरवट गंज, उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेलं प्लास्टिक, किंवा आत चक्क वितळलेला कपलर. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. त्याच्याकडे येऊच.

काम सुरू करण्याआधी

इग्निशन बंद करून एक-दोन मिनिटं थांबा. किल्ली फिरवल्यावरही काही गाड्यांत ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) रिले थोडा वेळ चालू राहतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, पॉझिटिव्ह नंतर. उलट केलंत आणि पॉझिटिव्हचा बोल्ट सोडवताना पाना चॅसिसला लागला, तर सरळ शॉर्ट होतो. जोडताना क्रम उलटा: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

इंजिन गार असू द्या, पण थंडीच्या पहाटे उघड्यावर बसून हे काम करू नका. गारठलेलं प्लास्टिक काचेसारखं तडकतं. गाडी तासभर उन्हात ठेवून मग हात लावलेला बरा.

टाकी काढायची असेल तर पेट्रोलच्या पाइपआधी पंपाचा कपलर काढा आणि इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. बहुतेक एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाड्यांत ते ३ बारच्या आसपास असतं. तसाच पाइप खेचला तर पेट्रोलची पिचकारी थेट तोंडावर. हे अर्थातच बॅटरी सोडवण्याआधी उरकायचं.

हत्यारं फार लागत नाहीत. २-३ मिमी रुंदीच्या चपट्या टोकाचा छोटा स्क्रू ड्रायव्हर. लांब नाकाची पक्कड, तिच्या जबड्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेले. जुना टूथब्रश, काँटॅक्ट क्लीनरचा (वायरींचे जोड साफ करायच्या स्प्रेचा) डबा, डोक्याला लावायचा दिवा. आणि सायकलचा एक जुना स्पोक: त्याचं टोक हातोडीने ठोकून चपटं करा, कानशीने कडा मऊ करा आणि शेवटचे ५-६ मिमी काटकोनात वाकवा. बाजारात असे हुक सेटमध्ये मिळतात, पण थ्रॉटल बॉडीच्या मागे जिथे कुठलंच हत्यार पोचत नाही, तिथे हवा तसा वाकवता येणारा स्पोकच कामाला येतो.

प्रत्येक कपलरचा फोटो आधी काढा. जवळून एक, आणि वायर कुठून कशी फिरली आहे ते दिसेल असा लांबून एक. कागदी चिकटपट्टीवर आकडा लिहून दोन्ही बाजूंना लावा. ‘लक्षात राहील’ म्हणणारे रविवारी संध्याकाळी हातात एक जास्तीचा कपलर घेऊन बसलेले असतात. मीही बसलोय.

कुठलं लॉक आहे ते ओळखा

हाताला कपलर लागला म्हणून लगेच दाबू नका. नजर पोचत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मागे घालून फोटो काढा आणि मोठा करून बघा. चुकीच्या दिशेने लावलेला जोर हेच मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण.

*दाबायची जीभ.* सी-सॉसारखी असते: मागचं टोक दाबलं की पुढचा आकडा वर उचलला जातो. जीभेखाली मोकळी फट दिसते. त्या फटीत माती भरली असेल तर जीभ दबणारच नाही, म्हणून आधी ब्रश आणि क्लीनर.

*उचलायची चौकट.* प्लास्टिकची छोटी चौकट समोरच्या दातावर अडकलेली असते. इथे दाबून काही होत नाही, उलट ती आणखी घट्ट बसते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चौकटीखाली सरकवून ती जेमतेम दातावरून सुटेल इतकी, एक-दीड मिमी, उचलायची. तीन मिमी उचलली की गेलीच.

*दोन टप्प्यांचं लॉक.* मुख्य जीभेवर लाल, पिवळी किंवा करडी छोटी पट्टी असते. ती आधी मागे सरकवायची, तोवर जीभ दबत नाही. पट्टी बहुधा पूर्ण बाहेर येत नाही, थोडी सरकून थांबते. तिथेच थांबा, उपटू नका.

*तारेची क्लिप.* जुन्या धाटणीच्या इंजेक्टरवर आणि काही परदेशी गाड्यांत दिसते. तार कपलरच्या खाचेत बसलेली असते. काहींत ती दाबायची, काहींत हुकाने बाहेर खेचायची असते. हुक लावण्याआधी भोवती फडकं गुंडाळा. ही तार उडाली की थेट इंजिनाच्या फिनांमध्ये जाऊन बसते.

*तरफ असलेलं लॉक.* मोठ्या ईसीयूवर असतं. तरफ पूर्ण फिरवली की कपलर स्वतःच बाहेर ढकलला जातो. ओढायचा नसतोच. तरफ मध्येच अडली तर तिच्याही टोकाला एक छोटं लॉक असतं, ते दाबा.

जुन्या गाड्यांतल्या गोल पिनांचं, प्लास्टिकची टोपी चढवलेलं जोड वेगळं. त्याला लॉक नसतंच. टोपी मागे सरकवा, दोन्ही बाजूंचा धातू पकडून किंचित पिळत ओढा. वायरला धरून ओढलंत तर पिन आतच राहील आणि वायर हातात येईल.

आणखी एक फसवणूक: काही कपलर चॅसिसवरच्या पत्र्याच्या पट्टीवर मागून चढवलेले असतात. आपण दोन भाग वेगळे करायला झटत असतो आणि प्रत्यक्षात अख्खा कपलर पट्टीला अडकलेला असतो. आधी त्याला पट्टीवरून सरकवून मोकळा करा, हातात घ्या, मग लॉकचं बघा.

आता काढायचा

आधी कपलरभोवतीची माती ब्रशने झाडा आणि लॉकच्या फटीत काँटॅक्ट क्लीनर मारा. हे कपलर उघडण्याआधीच करायचं, नंतर नाही. नाहीतर तीच माती पिनांवर पडते.

वायरला ढील द्या. केबल टाय कापून वायर मोकळी केली की निम्मा ताण जातो. ताणलेल्या वायरमुळे कपलर वाकडा बसतो आणि वाकडा कपलर सरळ ओढून निघत नाही.

मग दोन्ही भाग हाताने धरा, वायर नव्हे. आत ढकला. लॉक सोडवा. लॉक तसंच धरून सरळ रेषेत ओढा. नुसतं ओढून येत नसेल तर कपलरच्या लांबट बाजूच्या दिशेने अगदी थोडं, दोन-तीन अंशच, डावं-उजवं हलवत ओढा. आडव्या दिशेने हलवलंत तर पिना वाकतात. प्रत्येक हेलकाव्याला अर्धा मिमी आला तरी पुरे. सीलबंद कपलरमध्ये सुरुवातीचे दोन-तीन मिमी सगळ्यात जड असतात. सील सुटलं की बाकी आपोआप येतं.

बोटं पोचत नसतील तर लॉक स्पोकने दाबून धरा आणि कपलरचं अंग ट्यूब लावलेल्या पक्कडीने पकडा. पक्कड हळू दाबा. प्लास्टिक दबलं की आतली पिन आणखी आवळली जाते, आणि आपण काम सोपं करायच्या नादात अवघड करून ठेवतो.

तरी आला नाही, तर पुढचं या क्रमाने. पायरी ओलांडून एकदम शेवटच्या उपायावर जाऊ नका.

पहिलं, काँटॅक्ट क्लीनर जोडाच्या फटीत मारा आणि दहा मिनिटं दुसरं काम करा. डब्ल्यूडी-४० सुद्धा चालतं, पण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ बसते, म्हणून कपलर सुटल्यावर क्लीनरने धुऊन घ्या. रॉकेल आणि पेट्रोल नको. सीलचं रबर त्याने फुगू शकतं.

दुसरं, उष्णता. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कपलरभोवती चार-पाच मिनिटं धरा. प्लास्टिक आणि रबर दोन्ही मऊ पडतात. हेअर ड्रायर वापरायचा तर आधी टाकी काढून लांब नेऊन ठेवा. त्याच्या आत लालबुंद तार असते आणि पेट्रोलची वाफ दिसत नाही. हाताला सोसवेल इतकंच तापवा. लायटर तर खिशातही नको.

तिसरं, फाकवणं. दोन छोटे स्क्रू ड्रायव्हर जोडाच्या फटीत समोरासमोर घाला आणि तरफेसारखे दाबण्याऐवजी जागच्या जागी पिळा. दोन्ही बाजूंना सारखा जोर जातो, कपलर सरळ वर येतो. एकाच बाजूने उचकटलंत तर तो तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. इथे लॉक कुणीतरी धरून ठेवायला हवं, म्हणजे तिसरा हात हवा. घरात जो कोणी मोकळा असेल त्याला बोलवा.

वितळलेला कपलर

मॅग्नेट कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी जिथे रेक्टिफायरला (एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणाऱ्या डबीला) जोडल्या जातात, तो कपलर आधी हुंगून आणि बघून घ्या. पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय? एखाद्या पिवळ्या वायरचं टोक काळं, कडक पडलंय? मग ओढाताण नकोच, आतली पिन प्लास्टिकमध्ये गाडली गेलेली असते.

हे होतं कसं ते समजून घेतलं तर पुढचा निर्णय सोपा जातो. पिन सैल किंवा गंजलेली असेल तर जोडावर रोध वाढतो. समजा फक्त ०.२ ओहम वाढला आणि वायरीतून १० अँपिअर जातायत. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २० वॅट उष्णता, एका बारक्या पिनेवर. घरातली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे कपलरच्या आत जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न चालू राहिलेली असते.

असा कपलर वाचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही बाजूंनी वायर कापा, पण तांबं चमकदार दिसेपर्यंत मागे या. काळवंडलेल्या तारेवर नवा जोड टिकत नाही. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात त्याच मापाचा कपलर आणि पिना मिळतात. पिना क्रिम्पिंगच्या (वायरीवर पिन आवळायच्या) पक्कडीने दाबून बसवा. इंजिनाच्या थरथरीत नुसत्या सोल्डरचा जोड कडेला तुटतो. तीन पिवळ्या वायरी कुठल्याही क्रमाने जोडल्या तरी चालतात, कारण तिन्हींत एसी (दिशा बदलत राहणारा) करंट असतो. रेक्टिफायरच्या दुसऱ्या बाजूची पॉझिटिव्ह आणि अर्थ मात्र चुकवायची नाही.

काही खास ठिकाणं

ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपातून काढायचा असेल तर कपलर आधी सोडवा, सेन्सर नंतर फिरवा. नाहीतर वायरही सेन्सरबरोबर पीळ खात जाते. याच्या कपलरमध्ये ग्रीस किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते, आणि आपण नेमका तोच रस्ता बुजवतो.

सेल्फ मोटरची जाड वायर रबरी टोपीखाली नटने बसवलेली असते. हा नट फिरवताना मोटरचा स्टडही फिरायला लागला तर थांबा. खालचा दुसरा नट पान्याने धरून मगच वरचा सोडवा. स्टड फिरला की मोटरच्या आतला जोड तुटतो, आणि इंजिन उतरवायला घेतलेलं काम सेल्फ मोटर उघडण्यावर जातं.

प्लगची कॅप वायरला धरून कधीच ओढू नका. कॅप पकडून आधी डावी-उजवी पिळा, रबर सुटल्याचं हाताला कळतं, मग वर घ्या.

इंजिन हलवण्याआधी एकदा खाली वाकून बघा: न्यूट्रल किंवा गिअर पोझिशनचा स्विच आणि इंजिनाला बोल्टने बसवलेली अर्थची वायर. या दोन हमखास विसरल्या जातात. इंजिन जॅकवर खाली यायला लागलं आणि एका बाजूला अडलं, तर जोर लावू नका. एखादी वायर नक्की राहिली आहे.

जीभ मोडलीच तर

मोडलेला तुकडा इंजिनात पडू देऊ नका, थ्रॉटल बॉडी उघडी असेल तर तिच्या तोंडाला कापड लावूनच काम करा. कपलर परत जोडल्यावर दोन्ही भागांभोवती बारीक केबल टाय लांबीच्या दिशेने आवळता येतो. घरी पोचण्यापुरता तो ठीक आहे. इंजेक्टर आणि क्रँक सेन्सर मात्र अशा टायवर ठेवू नका. थरथरीने कपलर क्षणभर जरी हलला तरी घाटात इंजिन झटका देऊन बंद पडतं. त्याच प्रकारचा कपलर शोधून आणा. जुन्या पिना आतली बारीक जीभ स्पोकने दाबून मागून काढता येतात, आणि त्याच नव्या कपलरमध्ये बसवता येतात, वायर न कापता.

परत जोडताना

पिनांवर हिरवट थर असेल तर काँटॅक्ट क्लीनर आणि ब्रश. पॉलिश पेपर घासू नका, वरचा कथिलाचा मुलामा जातो आणि पुढचा गंज दुप्पट वेगाने येतो. रबरी सील जागेवर आहे ना, बघा. बऱ्याचदा ते दुसऱ्या भागाला चिकटून निघून जातं. सीलच्या कडेवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. पुढच्या वेळी कपलर दोन बोटांनी सुटेल. ऑक्सिजन सेन्सर मात्र वगळून.

‘टक्’ आवाज येईपर्यंत ढकला आणि लॉक न दाबता हलकेच ओढून बघा. लाल पट्टी असेल तर ती शेवटी बसवा. कपलर पूर्ण बसला नसेल तर ती आत जातच नाही. ती अडली म्हणजे ठोकून बसवायची नसते, कपलर अर्धवट आहे असं समजायचं असतं.

बॅटरी जोडा, किल्ली फिरवा, सेल्फ मारू नका. पंपाचा दोनेक सेकंदांचा घूंऽ आवाज यायला हवा आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागून विझायला हवा. दिवा लुकलुकत राहिला तर मोजा. होंडाच्या बऱ्याच एफआय गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे १० आणि छोटी म्हणजे १. तिथे ७ हा इंजिनाच्या तापमानाच्या सेन्सरचा कोड, १२ इंजेक्टरचा, २१ ऑक्सिजन सेन्सरचा. १, ८ आणि ९ एकापाठोपाठ आले तर घाबरू नका. थ्रॉटल बॉडीवर ते तिन्ही सेन्सर बहुधा एकाच डबीत असतात, आणि तिचा कपलर अर्धवट बसलाय एवढाच त्याचा अर्थ. इतर कंपन्यांचे कोड गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

पिवळ्या वायरींचा कपलर नवा घातला असेल तर इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा आणि बॅटरीवर मीटर लावा. १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग हेडलाइट लावून अर्धा तास फिरून या, गाडी बंद करा आणि त्या कपलरला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर तिन्ही पिना परत क्रिम्प करायला घ्या.